यंत्रानें किती बोलावें?

मुका नोकर बरा कीं बोलका बरा, हा वाद फार जुना आहे. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, कोठीघरांत काय संपलें, कोणत्या भिंतीस ओल आली, यांतील एक अक्षरही धन्याच्या कानावर जाऊं न देतां जो सर्व निभावून नेतो, तोच खरा नोकर. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, ज्या दिवशीं असला नोकर हात टेकतो त्या दिवशीं भिंत कोसळते, आणि ती कां कोसळली याचा धन्यास पत्ताही लागत नाहीं. आतां घरोघर नोकर राहिले नाहींत व त्यांचीं पुष्कळशीं कामें यंत्रांकडे गेलीं आहेत. पण वाद मिटला असें मात्र नाहीं. उलट, पूर्वीं नोकर बोलका आहे कीं मुका आहे हें धनी स्वतः पारखून घेत असे. आतां तें दूर कोठें तरी बसलेला यंत्रकार ठरवितो. यंत्रानें आपल्या प्रकृतीविषयीं वापरणाऱ्यास किती सांगावें, हा या निबंधाचा विषय आहे. वरवर पाहतां तो यंत्रविद्येचा दिसतो. परंतु थोडें खोल पाहिल्यास तो सत्य, विश्वास आणि जबाबदारी यांचाच प्रश्न आहे, असें वाचकांच्या ध्यानांत येईल.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. संगणकास प्रिंटर, कॅमेरा, स्पीकर, डिस्क इत्यादि जीं उपकरणें जोडलेलीं असतात, त्यांपैकीं प्रत्येकाची भाषा वेगळी. संगणकाचा सर्व कारभार जिच्याकडे असतो त्या ऑपरेटिंग सिस्टिमला या सर्व भाषा येत नाहींत. म्हणून प्रत्येक उपकरणामागें एक लहानशी आज्ञावली दुभाष्याचें काम करीत असते. तिला ड्रायव्हर म्हणतात. वरून आलेला हुकूम उपकरणास समजेल अशा रीतीनें सांगावयाचा आणि उपकरणाचें उत्तर वर पोंचवावयाचें, एवढें तिचें काम. अर्थात् उपकरणाच्या प्रकृतीची पहिली खबर लागते ती तिला. कागद अडकला, हुकूम पाठविला, पण ठरल्या वेळांत उत्तर आलें नाहीं, उपकरण एकदां बंद करून पुन्हा चालू केलें तेव्हां कोठें तें ताळ्यावर आलें, डिस्कचा अमुक भाग वाचण्यास तीनदां प्रयत्न करावा लागला, हें सर्व ड्रायव्हरला ठाऊक असतें. यांतील काय स्वतःजवळ ठेवावें, काय नोंदवहींत टिपून ठेवावें आणि काय पडद्यावर आणून माणसास सांगावें? आज्ञावली लिहिणाऱ्यास हा निर्णय वारंवार करावा लागतो, आणि आपण कांहीं नैतिक निर्णय करीत आहों, हें पुष्कळदां त्याच्या स्वतःच्याही लक्षांत येत नाहीं.

मौनाचा पक्ष जे घेतात त्यांचें म्हणणें आधीं न्यायबुद्धीनें ऐकून घेतलें पाहिजे. ते म्हणतात, वायफायवरून जाणारा एखादा संदेश वाटेंत हरवला आणि तो पुन्हा पाठवावा लागला, ही बिनतारी व्यवहारांतील नित्याची गोष्ट आहे. ती दरवेळीं पडद्यावर येऊं लागली तर घरांतील मंडळी दिवसांतून शंभर वेळां दचकतील. आणि शंभर वेळां उगाच दचकलेला मनुष्य एकशें एकाव्या वेळीं, खरा लांडगा आला असतां, ढुंकूनही पाहणार नाहीं. वैद्य रुग्णास नाडीचा प्रत्येक ठोका मोजून सांगत नाहीं, आणि न सांगणारा वैद्य लबाड आहे असें कोणी म्हणत नाहीं. शिवाय, अर्धवट माहिती हातीं आलेला उत्साही मनुष्य नसती खटपट करून चालतें यंत्र बंद पाडतो, हाही अनुभव सार्वत्रिक आहे. एके काळीं कित्येक संगणक चालू होतांना पडद्यावर शेंकडों ओळी धांवत जात. आज त्या जागीं कंपनीचें चिन्ह तेवढें दिसतें, आणि त्यावांचून सामान्य माणसाचें कांहीं अडलें असें आम्हांस दिसत नाहीं.

हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु या युक्तिवादानें सिद्ध होतें तें इतकेंच कीं, यंत्रानें दर क्षणीं माणसास हांक मारूं नये. माणसानें विचारलें तरी त्यास सांगूं नये, हें त्यावरून मुळींच निघत नाहीं. न विचारतां गप्प राहणें निराळें आणि विचारल्यावर गप्प राहणें निराळें. पहिल्यास विवेक म्हणतां येईल, दुसऱ्यास लपवालपवी हेंच नांव आहे. वैद्य ठोके मोजून सांगत नाहीं हें खरें; पण रुग्णानें ‘माझी प्रकृति कशी आहे?’ असें सरळ विचारलें असतां जो तोंड फिरवितो, त्याच्याविषयीं आपलें मत काय होईल? मौनाच्या पक्षाचे लोक पहिल्या मौनाचीं कारणें देऊन दुसऱ्या मौनाचें समर्थन करितात, आणि घोटाळा होतो तो येथेंच.

हेतु चांगला असला म्हणजे असलें मौन क्षम्य होतें, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर देण्यास ॲपल कंपनीच्या आयफोनचें प्रकरण पुरेसें आहे. लिथियमची बॅटरी जुनी झाली, कीं एकाएकीं मोठा प्रवाह देण्याची तिची शक्ति कमी होते, आणि ऐन कामाच्या वेळीं फोन विझतो. हें टळावें म्हणून कंपनीनें जानेवारी २०१७ मध्यें जी नवी आज्ञावली दिली, तींत बॅटरी थकलेली असल्यास गरजेच्या वेळीं फोनची गति कमी करण्याची योजना होती. योजना म्हणून ती वाईट नव्हती. विझणाऱ्या फोनपेक्षां मंद फोन केव्हांही बरा. पण फोन मंद कां झाला हें फोनच्या मालकास कळण्याचा मार्ग ठेवला नव्हता. त्यास वाटलें, फोन म्हातारा झाला. बॅटरी तेवढी बदलली कीं तोच फोन पुन्हा पूर्वींसारखा चालतो, हें लोकांच्या लक्षांत येऊं लागलें, तेव्हां डिसेंबर २०१७ मध्यें कंपनीनें ही गोष्ट कबूल केली आणि क्षमाही मागितली. बदली बॅटरीची किंमत ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणली. आणि मार्च २०१८ मध्यें बॅटरीची प्रकृति दाखविणारें एक पान फोनमध्येंच घातलें. पुढें २०२० सालीं फ्रान्समध्यें कंपनीस अडीच कोटी युरोंचा दंड झाला. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, तो फोन मंद केल्याबद्दलचा दंड नव्हता. फोन मंद होऊं शकतो हें ग्राहकांस न सांगितल्याबद्दलचा होता.

यांतील अन्यायाचें मर्म पैशांत नाहीं. नवा फोन घ्यावा, बॅटरी बदलावी, कीं मंद फोनवरच दिवस काढावे, हा निर्णय मालकाचा होता. तो करण्यास लागणारी एकुलती एक गोष्ट त्याच्यापासून दूर ठेविली गेली. त्यास कोणीं जबरदस्ती केली नाहीं, कोणीं खोटेंही सांगितलें नाहीं. केवळ तो स्वतः ठरवूं शकणार नाहीं अशी व्यवस्था झाली. जॉन स्टुअर्ट मिल्ल यानें १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथांत एका मोडकळीस आलेल्या पुलाचें उदाहरण घेतलें आहे. पूल निश्चित पडणार आहे आणि त्यावर पाऊल टाकणाऱ्यास सांगण्यास वेळ नाहीं, अशा प्रसंगीं त्यास धरून मागें ओढणें अयोग्य नाहीं, असें तो म्हणतो. पण केवळ धोका संभवत असेल, तर त्या माणसास सावध करावें आणि जावें कीं न जावें हें त्याचें त्यास ठरवूं द्यावें. यंत्रकारास सांगण्यास वेळ नव्हता असें क्वचितच घडतें. वर्षानुवर्षें हाताशीं असलेल्या वस्तूच्या बाबतींत न सांगतां हात धरणें म्हणजे प्रौढ माणसास पोर समजणें होय.

तेव्हां विचारणाऱ्यास सांगावें हें ठरलें. पण सांगणें म्हणजे तरी काय? येथें एक सूक्ष्म भेद आहे, आणि तो न ओळखल्यामुळें केवढा अनर्थ होतो याचें उदाहरण अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत थ्री माइल आयलंड येथील अणुशक्तिकेंद्रांत २८ मार्च १९७९ रोजीं घडलें. अणुभट्टीवरील दाब कमी करण्याची एक झडप उघडली ती अडकून उघडीच राहिली, आणि तिच्यावाटे भट्टीस थंड ठेवणारें पाणी निघून जाऊं लागलें. नियंत्रणकक्षांत त्या झडपेसाठीं एक दिवा होता आणि तो विझला होता. म्हणून तेथील मंडळींनीं झडप मिटली असें मानलें. वास्तविक तो दिवा झडप कोणत्या स्थितींत आहे हें सांगतच नव्हता; झडपेस कोणता हुकूम गेला आहे एवढेंच तो सांगत होता. ‘मीट’ असा हुकूम गेला होता, झडप मिटली नव्हती. दोन तासांहून अधिक काळ ही गोष्ट कोणाच्या ध्यानांत आली नाहीं, आणि अखेर भट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळून गेला.

दिवा खोटें बोलला काय? त्याच्या परीनें नाहीं. अश्वत्थाम्याविषयीं धर्मराज जें बोलला तेंही त्याच्या परीनें खोटें नव्हतें. तरी त्याचा भूमीपासून चार अंगुळें वर चालणारा रथ जमिनीस टेकलाच. ऐकणाराची समजूत काय होणार हें जाणून वा न जाणून बोललेलें अर्धसत्य, असत्याचेंच फळ देतें. घरच्या संगणकांतही असे दिवे पुष्कळ आहेत. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्यें ‘डिव्हाइस मॅनेजर’ या खिडकींत एखाद्या उपकरणाचें नांव निवडलें, कीं हें उपकरण नीट काम करीत आहे, अशा अर्थाचें एक इंग्रजी वाक्य येतें. पण स्पीकरचा पडदा फाटलेला असला तरी ध्वनीच्या ड्रायव्हरला तें कळण्याचें साधन बहुधा नसतें; त्याच्यापुरतें सर्व ठीक असतें. त्या वाक्याचा खरा अर्थ ‘मला बिघाड आढळलेला नाहीं’ एवढाच आहे, आणि या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. गूगलच्या संशोधकांनीं २००७ सालीं एक लाखाहून अधिक डिस्कांची पाहणी प्रसिद्ध केली. डिस्का आपल्या प्रकृतीची नोंद आपणच ठेवीत असतात. तरी बंद पडलेल्या डिस्कांपैकीं निम्म्याहून अधिक डिस्कांनीं, ज्या चार लक्षणांवर सर्वांत अधिक भरंवसा ठेवावा, त्यांपैकीं एकही आधीं दाखविलें नव्हतें. यावरून डिस्कची नोंद दाखवूंच नये असें ठरत नाहीं. जें दाखवावयाचें तें त्याच्या मर्यादेसह दाखवावें, असें ठरतें. ‘ठाऊक नाहीं’ असें म्हणण्याची लाज माणसांनीं वाटून घेतली तर ती एक वेळ समजेल. यंत्रास ती शिकविण्याचें कारण नाहीं.

याहूनही एक मोठें पाप आहे, आणि तें सांगितल्याचा देखावा करून केलें जातें. थेरॅक-२५ या नांवाचें कर्करोगावर किरणोपचार करणारें एक यंत्र होतें. १९८५ ते १९८७ या काळांत त्यानें सहा रुग्णांस किरणांची भयंकर मोठी मात्रा दिली, आणि त्यांतील कांहीं प्राणांस मुकले. हें यंत्र मुकें नव्हतें. मार्च १९८६ मध्यें टेक्सस प्रांतांत एका रुग्णावर उपचार चालू असतां त्यानें पडद्यावर ‘बिघाड ५४’ अशी अक्षरें स्पष्ट दाखविलीं. पण ५४ म्हणजे काय, हें चालविणाऱ्यांस दिलेल्या पुस्तकांत नव्हतें. उलट, मात्रा फार थोडी गेली असें पडदा दाखवीत होता, वस्तुतः ती कित्येक पटींनीं अधिक गेली होती. असल्या बिघाडांचे आंकडे तें यंत्र इतक्या वेळां दाखवीत असे, कीं एक कळ दाबून पुढें जाणें हा चालविणाऱ्यांचा परिपाठच होऊन बसला होता. त्याही वेळीं कळ दाबली गेली, आणि रुग्णास दुसऱ्यांदा किरणांचा मारा बसला.

कळ दाबणाऱ्या हातास दोष देणें सोपें आहे, आणि आमच्या मतें असल्या संदेशाचा दुष्टपणा नेमका त्यांतच आहे. ‘आम्हीं सांगितलें होतें’ असें म्हणण्याची सोय यंत्रकारास होते. जबाबदारी खालीं उतरते, पण ती पेलण्याचें सामर्थ्य तिच्याबरोबर उतरत नाहीं. आपल्या घरांतील प्रसंग इतके भयंकर नसतात, परंतु जात तीच. पडद्यावर पिवळा त्रिकोण येतो, त्याच्यासमोर १० किंवा ४३ असा आंकडा येतो. पहिल्याचा अर्थ उपकरण सुरू होऊं शकत नाहीं असा, आणि दुसऱ्याचा अर्थ उपकरणानेंच गाऱ्हाणें केल्यावरून त्यास थांबविलें आहे असा. पण पुढें करावयाचें काय, हें त्या आंकड्यावरून कोणासही उमजत नाहीं. इंग्रजी न येणाऱ्या आजोबांच्या पुढें इंग्रजी वाक्य टाकणें आणि ते ‘ओके’वर बोट ठेवून मोकळे झाले म्हणजे त्यांस सर्व कळविलें असें समजणें, हाही त्याच जातीचा प्रकार. ज्यास वाचतां येत नाहीं अशा भाषेंत दिलेली खबर ही खबर नव्हे. ती यंत्रकारानें स्वतःच्या बचावासाठीं घेतलेली पावती होय.

आतां एका गंभीर आक्षेपाचा विचार करणें प्राप्त आहे. माहिती खुली केली म्हणजे ती मालकासच मिळते असें नाहीं, चोरासही मिळते. हा आक्षेप काल्पनिक नव्हे. वेबपृष्ठांनीं फोनची बॅटरी पाहून आपलें काम बेतानें करावें, म्हणून ब्राउझरांनीं तीस बॅटरीची स्थिति विचारण्याची सोय त्यांस करून दिली होती. बॅटरी किती टक्के भरली आहे आणि ती आणखी किती वेळ पुरेल, या निरुपद्रवी दिसणाऱ्या आंकड्यांवरून एकच मनुष्य एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर गेला असतां थोडा वेळ ओळखतां येतो, असें संशोधकांनीं २०१५ सालीं दाखविलें, आणि २०१७ सालीं फायरफॉक्सनें ही माहिती वेबपृष्ठांस देणें बंद केलें. लिनक्समध्यें ड्रायव्हरांचीं निवेदनें जींत साठतात ती नोंदवही पूर्वीं त्या संगणकावरील कोणासही वाचतां येई. तींतील तपशील घुसखोरांच्या उपयोगीं पडतो हें ओळखून, ती अधिकाऱ्यापुरतीच ठेवण्याची सोय २०११ सालीं आलेल्या आवृत्तींत झाली, आणि उबुंटूनें २०२० सालापासून तोच आपला नेहमींचा रिवाज केला.

हीं उदाहरणें आमच्या विरुद्ध जातात असें वाटेल. पण नीट पाहतां तीं आमच्याच बाजूचीं आहेत. दोन्ही ठिकाणीं दार बंद झालें तें परक्यास. फोनचा मालक आजही आपली बॅटरी पाहूं शकतो. लिनक्सचा अधिकारी आजही ती नोंदवही उघडूं शकतो. घराचें दार रस्त्यावरच्या माणसास लावून घेणें हा शहाणपणा आहे. चोराची भीति दाखवून घरधन्यासच बाहेर ठेवणें हा शहाणपणा नव्हे. जेथें यंत्र एकाचें आणि वापरणारे अनेक, अशा कचेऱ्यांतून व महाविद्यालयांतून प्रश्न थोडा बिकट होतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. तेथें सर्व नोंदवही सर्वांस उघडी करतां येणार नाहीं. तथापि तेथेंही ज्याचें काम अडलें आहे त्यास, आपलें काम अडलें आहे, तें आपल्या चुकीनें अडलेलें नाहीं, आणि अमुक माणसाकडे गेलें असतां तें सुटेल, इतकें कळण्याचा अधिकार असलाच पाहिजे.

येथवरच्या विवेचनाचें सार थोडक्यांत असें. यंत्रानें उगाच हांक मारूं नये. पण विचारणाऱ्या मालकास नाहीं म्हणूं नये. जें सांगावयाचें तें हुकुमाविषयीं आहे कीं वस्तुस्थितीविषयीं, हें स्पष्ट सांगावें; आणि ठाऊक नसेल तें ठाऊक नाहीं असें म्हणावें. ज्यावर मालकास कांहीं करतां येण्याजोगें आहे तें त्याच्या भाषेंत, काय करावें यासह सांगावें. बाकीचें नोंदवहींत राहूं द्यावें, पण त्या नोंदवहीची किल्ली मालकापाशीं असावी. परक्यास यांतील कांहींच सांगूं नये. या सर्वांच्या मुळाशीं एकच तत्त्व आहे: ज्याच्याजवळ माहिती, त्याच्याजवळ जबाबदारी. यंत्रकारास माहिती स्वतःजवळच ठेवावयाची असेल, तर तिच्यामुळें होणाऱ्या प्रत्येक नुकसानीचा भार त्यानें निमूटपणें स्वतःच्या शिरावर घ्यावा. तो भार मालकाबरोबर वांटून घ्यावयाचा असेल, तर माहितीही वांटावी, आणि ती उपयोगीं पडेल अशा रीतीनें वांटावी. माहिती आपल्यापाशीं आणि दोष दुसऱ्यापाशीं, हा व्यवहार कोणत्याही धर्मशास्त्रांत बसत नाहीं.

मालकाच्या पदरींही कांहीं कर्तव्य येतें, हें सांगितल्यावांचून हा लेख पुरा करणें एकांगीपणाचें होईल. सांगणाऱ्यानें सांगितलें आणि ऐकणाऱ्यानें ऐकलेंच नाहीं, तर अधिकार कागदावर राहतो. मोटारीचे सर्व भाग उकलतां आले पाहिजेत असें कोणी म्हणत नाहीं. पण तेलाचा दिवा लागला असतां गाडी थांबवावी इतकें प्रत्येक चालक शिकतो. घरांतील संगणकाविषयीं तितकेंच ज्ञान मिळविणें शिकलेल्या कुटुंबास अवघड नाहीं. आम्हांस भीति वाटते ती अज्ञानाची नव्हे. विचारण्याची संवय मोडण्याची वाटते. ज्या वस्तूंवर आपला दिवस चालतो, त्यांना ‘तुझें कसें चाललें आहे?’ असें विचारणें ज्यानें सोडलें, तो पुढें बँकेस विचारीत नाहीं, नगरपालिकेस विचारीत नाहीं, आणि आपल्या वतीनें जे निर्णय करितात त्यांनाही विचारीत नाहीं. ‘सर्व ठीक आहे’ एवढें वाक्य दिसलें कीं त्याचें समाधान होतें. थ्री माइल आयलंडच्या त्या रात्रीं नियंत्रणकक्षांतील मंडळींचेंही, दिवा विझलेला पाहून, असेंच समाधान झालें होतें.